खेळाडू घडवायचा की सामना जिंकायचा?

वार्षिक परीक्षा आटोपतात आणि मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या मैदानांच्या कुंपणांवर उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. फलकावर एखाद्या माजी रणजीपटूचे छायाचित्र असते, खाली शुल्क आणि वेळ. शिबिरात पांढरा गणवेश, टोपी आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळणार, हेही ठळकपणे छापलेले असते. जे छापलेले नसते तेच खरे तर महत्त्वाचे असते. प्रत्यक्ष नेटमध्ये मुलाशेजारी रोज कोण उभे राहणार, त्याने प्रशिक्षणाचे शिक्षण कोठे घेतले आणि एका प्रशिक्षकामागे मुले किती, याचा तेथे उल्लेख नसतो. आपल्याकडे शाळेत शिकवायला पदवी लागते, रिक्षा चालवायलाही परवाना लागतो. दहा वर्षांच्या मुलाच्या वाढत्या हाडांवर आणि मनावर रोज दोन तास काम करणाऱ्या माणसाला मात्र कोणताही परवाना काढावा लागत नाही. मैदानाचा कोपरा, दोन नेट आणि चेंडूंची पिशवी मिळाली की अकादमी सुरू.

याचा अर्थ शिक्षणाची सोय नाही असा नव्हे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961पासून प्रशिक्षक घडवीत आहे. तिचा पदविका अभ्यासक्रम देशात मानाचा समजला जातो. क्रिकेट नियामक मंडळाचे टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रमही आहेत. अडचण अशी की, असे शिक्षण घेतलेला प्रशिक्षक साहजिकच वरच्या गटांकडे, राज्याच्या संघाकडे किंवा मोठ्या अकादमीकडे जातो आणि आठ ते चौदा या वयोगटाच्या वाट्याला बहुधा सर्वांत कमी अनुभवाचा माणूस येतो. वास्तविक सवयी लागतात त्या याच वयात. पायाभरणी शिकाऊ गवंड्याकडे सोपवायची आणि गच्चीच्या कठड्यासाठी नामांकित कारागीर शोधायचा, असा हा उफराटा कारभार आहे.

चांगला प्रशिक्षक म्हणजे मोठा खेळाडू, हा समज तर फारच घट्ट रुजलेला. तो चुकीचा असल्याचा पुरावा शिवाजी पार्कवरच आहे. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना आहे. तो ते 1963मध्ये मोईनुद्दौला सुवर्णचषक स्पर्धेत स्टेट बँकेच्या संघातून हैदराबादविरुद्ध खेळले. पुढे त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण अमरे, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर, रमेश पोवार यांच्यासारखे खेळाडू बाहेर पडले. 1990मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि 2010मध्ये पद्मश्री मिळाली. 2 जानेवारी 2019 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयीच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांच्या पद्धतीकडे मात्र पुरेशा चिकित्सकपणे पाहिले गेले नाही.

यष्टीवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची कथा सर्वांना पाठ आहे. दिवसाच्या अखेरीस सचिन फलंदाजीला उभा राही. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याला ते नाणे मिळे, कोणालाच जमले नाही तर सचिनला. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. ही गोष्ट बक्षिसाची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातील शहाणपण वेळेत आहे. शरीर थकलेले आणि लक्ष विचलित होऊ पाहत असताना चूक करायची नाही, याचा तो सराव होता. सामन्यातील शेवटच्या अर्ध्या तासात फलंदाजाची नेमकी हीच अवस्था असते. गोलंदाजांनाही त्यात काही मिळवण्यासारखे होते, हेही विसरता कामा नये. त्यामुळे ते केवळ चेंडू टाकणारे यंत्र राहत नसत.

आचरेकरांची दुसरी पद्धत त्याहून महत्त्वाची. त्यांचा भर नेटपेक्षा सामन्यांवर असे. एका उन्हाळी सुटीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने खेळल्याचे तेंडुलकरने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. एका मैदानावर बाद झाला की सर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तेथील संघात चौथ्या क्रमांकावर खेळवत. वेगळी खेळपट्टी, अनोळखी गोलंदाज, निराळी परिस्थिती. क्रिकेटच्या वर्तुळात हे सरांचे वेड म्हणून कौतुकाने सांगितले जाते, परंतु त्यामागे शिकण्याच्या प्रक्रियेचे एक भक्कम तत्त्व आहे.

ते तत्त्व 1978मध्ये कर आणि बूथ या संशोधकांनी अगदी साध्या प्रयोगातून दाखवून दिले. त्यांनी मुलांना जमिनीवरच्या लक्ष्यावर छोटी पिशवी फेकायला लावली. एका गटाने सारा सराव तीन फुटांवरून केला. दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. शेवटी परीक्षा घेतली ती तीन फुटांवरून. तर्काने पहिला गट सरस ठरायला हवा होता. सरस ठरला दुसरा. सरावात बदल असला की मेंदू एकच हालचाल घोकत न बसता अंतर आणि जोर यांचा हिशेब मांडायला शिकतो, असे स्पष्टीकरण त्यानंतरच्या अभ्यासकांनी दिले. एकाच उंचीचा, एकाच टप्प्याचा चेंडू यंत्रातून दोनशे वेळा खेळणाऱ्या मुलाचा कव्हर ड्राइव्ह देखणा होतो, हे खरे. पण सामन्यात चेंडू त्याच टप्प्यावर पडेलच, अशी हमी गोलंदाज देत नाही.

आता सध्याच्या बहुतेक अकादम्यांतील गणित मांडून पाहावे. एक नेट, वीस मुले, दोन तास. प्रत्येकाच्या वाट्याला फलंदाजीची सहा मिनिटे येतात. दर पंधरा-वीस सेकंदांना एक चेंडू धरला, तर अठरा ते चोवीस चेंडू. उरलेल्या वेळात मूल गोलंदाजी करते, म्हणजे बहुधा रांगेत उभे राहते. त्यातील काही चेंडू कोणी पाहतो, बहुतेक कोणीच पाहत नाही. याच दोन तासांत मुलांचे दोन-तीन गट करून छोट्या जागेत एकेरी धावांचा, थेट फेकीचा किंवा चार चेंडूंत आठ धावा काढण्याचा डाव मांडला, तर प्रत्येक मुलाला कितीतरी जास्त वेळा निर्णय घ्यावा लागेल. त्यासाठी जादा खर्च लागत नाही, प्रशिक्षकाने आदल्या रात्री दहा मिनिटे विचार केलेला मात्र असावा लागतो.

प्रशिक्षकाने बोलावे किती आणि काय, हाही स्वतंत्र विषय आहे. जॉन वूडन हे अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलमधील दिग्गज प्रशिक्षक. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या संघाने पटकावली. 1974-75च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या पंधरा सराव सत्रांत वही घेऊन बसून त्यांच्या प्रत्येक कृतीची नोंद केली. 2326 नोंदी झाल्या. त्यांत शाबासकी सात टक्क्यांहून कमी आणि नाराजीही जवळपास तितकीच. सुमारे 75 टक्के बोलणे निव्वळ माहितीचे होते, म्हणजे काय करायचे, कसे करायचे, पुन्हा कसे करून पाहायचे. आपल्या मैदानांवर कान दिला तर ‘शाब्बास’ आणि ‘अरे, काय करतोयस?’ या दोन टोकांमधला हा माहितीचा भागच गायब असल्याचे जाणवते. ‘चेंडूकडे बघ’ असे ओरडणे ही माहिती नव्हे. मूल चेंडूकडेच पाहत असते.

कठोर गुरू हवाच, हा आपला आवडता सिद्धांत. त्याच्या पुष्ट्यर्थ पुन्हा आचरेकरांचीच गोष्ट सांगितली जाते. सरांनी लावून दिलेला सराव सामना सोडून सचिन शाळेच्या वरिष्ठ संघाचा सामना पाहायला वानखेडेवर गेला आणि तेथे सरांनी त्याला धारेवर धरले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असे काही कर, अशा आशयाची ती समज होती. पुढच्या पिढीतील अनेक प्रशिक्षकांनी या गोष्टीतून उचलले ते फक्त रागावणे. त्याआधीचा भाग कोणी लक्षात घेतला नाही. त्या दिवशी सरांनी स्वतः खटपट करून, दुसऱ्या संघाशी बोलून, त्या पोराला चौथ्या क्रमांकावर खेळायला मिळेल अशी व्यवस्था केली होती. रागावण्याचा अधिकार त्या खटपटीतून आलेला होता.

निव्वळ रागावण्याचे काय होते, त्याचेही मोजमाप झालेले आहे. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल लीगमधील काही प्रशिक्षकांना रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी अल्पकालीन प्रशिक्षण दिले. चूक झाली की आधी धीर द्यावा, मग दुरुस्ती सांगावी, प्रयत्नांची दखल घ्यावी, उपहास टाळावा, इतकाच त्याचा गाभा. 1992मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अशा प्रशिक्षकांच्या हाताखालील मुलांपैकी केवळ 5 टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला. इतर प्रशिक्षकांच्या मुलांत हे प्रमाण 26 टक्के होते. हार-जीत दोन्हीकडे सारखीच होती. खेळ सोडणाऱ्या त्या मुलांमध्ये उद्याचा एखादा चांगला खेळाडू असू शकतो. आपल्याकडे दहावीच्या वर्षी मैदान सुटते तेव्हा खापर अभ्यासावर फोडले जाते. त्यातील कित्येकांना सुटकेसाठी निमित्त हवे असते, हे पालकांना उशिरा कळते.

मुंबईच्या शालेय क्रिकेटची परंपरा शतकाहून जुनी. हॅरिस आणि गाइल्स ढाल या स्पर्धांनी देशाला खेळाडू दिले, यात वाद नाही. फेब्रुवारी 1988मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन-विनोद जोडीने सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अभेद्य भागी रचली. नोव्हेंबर 2013मध्ये पृथ्वी शॉने हॅरिस ढाल स्पर्धेत 546 धावा केल्या. जानेवारी 2016मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावांची खेळी केली. त्याच्या संघाने 3 बाद 1465वर डाव घोषित केला, तर प्रतिस्पर्धी संघाचे दोन डाव 31 आणि 52 धावांत आटोपले. या खेळ्यांमागील चिकाटी आणि एकाग्रता खरी आहे. पण बातमी नेहमी फलंदाजाची होते. दुसऱ्या बाजूच्या पोरांनी उन्हात दिवस दिवस चेंडू हुडकत धावताना नेमके काय शिकले, असा प्रश्न कोणी विचारत नाही. इतक्या विषम ताकदीच्या संघांना एकमेकांसमोर उभे करणारी रचना दोघांचेही नुकसान करते. हरणारा खचतो आणि जिंकणाऱ्याला खरी कसोटी मिळत नाही.

विजयाचा हट्ट निवडीतही डोकावतो. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये वयाची गणना 1 सप्टेंबरपासून होते. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि त्यापुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात मोडतात, पण दोघांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते. चौदाव्या वर्षी हे अंतर मोठे आहे. एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. निवड चाचणीत चेंडू सीमेपार धाडतो तो पहिला, संघात जातो तोही पहिलाच. मग त्याला चांगला प्रशिक्षक, चांगली खेळपट्टी, जास्त सामने मिळतात आणि सुरुवातीला केवळ वयाचा असलेला फरक दोन-तीन वर्षांत खरोखरच गुणवत्तेचा होऊन बसतो. कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांवरून बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985मध्ये हे प्रथम लक्षात आणून दिले. त्यानंतर अनेक खेळांत त्याचा पडताळा आला. चाणाक्ष प्रशिक्षक म्हणूनच धावांच्या यादीशेजारी जन्मतारखांची यादी ठेवतो.

वयाची चोरी हा त्याचाच बेकायदा अवतार. 1 डिसेंबर 2015 रोजी दिल्लीत पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड यांनी या रोगावर कडक शब्दांत बोट ठेवले. त्यांचा मुद्दा केवळ नियमभंगाचा नव्हता. मोठ्या वयाचा खेळाडू लहान गटात घुसला की खऱ्या वयाच्या, कदाचित अधिक गुणी मुलाची जागा जाते. शिवाय खोटे बोलून पुढे जाता येते, हा पहिला धडा घरच्यांनी आणि प्रशिक्षकानेच दिलेला असतो. मंडळ डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय तपासते. 2020मध्ये स्वतःहून कबुली देणाऱ्यांना अभय देण्याची योजनाही त्याने जाहीर केली. 19 वर्षांखालील विश्वचषक एका खेळाडूने एकदाच खेळावा, हा 2016मधील निर्णय याच विचाराचा. अनुभवी खेळाडू पुन्हा खेळवले तर चषक जिंकण्याची शक्यता वाढते, पण या वयोगटाचे काम चषक जिंकण्याचे नसून वरच्या पायरीसाठी अधिकाधिक मुले तयार करण्याचे आहे, असे त्यामागचे सूत्र. तरीही 2018मध्ये भारताने तो चषक जिंकलाच, हा भाग निराळा.

शरीराचा हिशेब तर अधिकच दुर्लक्षित. वाढीच्या वयात हाडे लांबीने झपाट्याने वाढतात, त्यांना बळकटी मागाहून येते. वेगवान गोलंदाजी टाकताना कमरेच्या मणक्याला एकाच वेळी वाक, पीळ आणि आदळ सोसावी लागते. रोज तेच घडले की मणक्याच्या मागील बाजूच्या नाजूक कमानीला सूक्ष्म तडा जातो. सुरुवातीला पाठ दुखते एवढेच कळते आणि ‘बाम लाव, उद्या ये’ असा सल्ला मिळतो. इंग्लंडच्या मंडळाने यासाठी वयानुसार षटकांची मर्यादा घालून दिली. 13 वर्षांखालील वेगवान गोलंदाजाने सलग पाच आणि दिवसभरात दहा षटकांपेक्षा जास्त टाकू नयेत, असा तो दंडक. आपल्याकडे गुणी गोलंदाज सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबकडून आणि संध्याकाळी अकादमीच्या नेटमध्ये चेंडू टाकतो. तिन्ही ठिकाणचे प्रशिक्षक वेगळे आणि बेरीज करणारा कोणीच नाही. पालकांनी घरी कॅलेंडरवर रोजची षटके मांडून ठेवली, तरी या अनर्थाला बराच आळा बसेल.

खेळपट्टीचेही तेच. दहा वर्षांच्या मुलाने 22 यार्ड अंतरावरून सीझन बॉल टाकावा, अशी सक्ती आपण आजही करतो. तेवढे अंतर कापायचे म्हणून तो चेंडू वर उडवतो किंवा खांदा झटकून फेकतो आणि पुढे हाच दोष संशयास्पद शैली म्हणून त्याच्या मानगुटीवर बसतो. ऑस्ट्रेलियाने मुलांच्या क्रिकेटची रचनाच बदलली. सर्वांत लहान गटाला 16 मीटरची खेळपट्टी आणि सात-सात खेळाडू, त्यावरच्या गटाला 18 मीटर आणि नऊ-नऊ खेळाडू. टेनिसने तर 2012पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत संथ चेंडू सक्तीचे केले. आझाद मैदानावर खडूच्या पुडीने चार यार्ड अलीकडे रेघ मारायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मुलाने लवकर एकाच खेळाला वाहून घ्यावे की नाही, हा पालकांचा नेहमीचा सवाल. सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र करून गुलिश, मॅकनमारा आणि हॅम्ब्रिक यांनी केलेल्या विश्लेषणातून दोन वेगवेगळी चित्रे समोर आली. कुमार वयात चमकणारे खेळाडू लवकर सुरुवात करतात, एकाच खेळाचा भरपूर सराव करतात आणि वेगाने वर चढतात. प्रौढ वयात जागतिक पातळीवर पोहोचलेल्यांनी मात्र बालपणी इतर खेळही खेळलेले असतात, मुख्य खेळाकडे ते जरा उशिरा वळलेले असतात आणि त्यांची सुरुवातीची प्रगती तुलनेने संथ असते. म्हणजे चौदाव्या वर्षी ढाल जिंकून देणारा मार्ग आणि चोविसाव्या वर्षी भारतीय संघापर्यंत नेणारा मार्ग, हे एकच असतील असे धरून चालता येत नाही. अकादमीचा फलक मात्र पहिल्याच मार्गाच्या निकालांनी भरलेला असतो, कारण दुसऱ्याचा निकाल लागेपर्यंत मूल अकादमीत राहत नाही.

एकाच खेळाच्या आतसुद्धा ही घाई नडते. बोरिवलीचे दिनेश लाड यांनी रोहित शर्माला प्रथम हेरले ते ऑफस्पिन गोलंदाज म्हणून. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांनी स्वामी विवेकानंद शाळेत त्याची फी माफ करून घेतली. तो संघात खाली फलंदाजीला येई. एके दिवशी बाजूला एकटाच बॅटने चेंडू तडकावताना तो दिसला. लाड यांनी त्या आवाजाकडे, बॅट येण्याच्या सरळ रेषेकडे पाहिले आणि त्याला वरच्या क्रमांकावर बढती दिली. त्या वेळी त्यांनी ‘तू गोलंदाज आहेस, गोलंदाजीच कर’ असे म्हटले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पुढे 2022मध्ये त्यांना जीवनगौरव गटातील द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

प्रशिक्षकाची बाजूही समजून घ्यायला हवी. शाळेत त्याची नेमणूक बहुधा कंत्राटी असते, मानधन तुटपुंजे असते आणि संस्थाचालकांना दिसते ती कपाटातील ढाल. पहिल्या फेरीत हरलेल्या, पण दहा मुलांना नीट गोलंदाजी शिकवलेल्या प्रशिक्षकाचे कंत्राट वाढेल याची खात्री नसते. त्यात पालक. सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून बसलेले वडील दर चेंडूला सूचना करतात. घरी परतताना लोकलमध्ये पहिला प्रश्न ‘किती केल्यास?’ हाच. तो ‘आज नवीन काय करून पाहिलेस?’ असा असता, तर प्रशिक्षकाचे निम्मे काम हलके झाले असते.

शुल्क भरण्याआधी एखाद्या संध्याकाळी सराव पूर्ण वेळ, लांबून, न सांगता पाहावा. पहिल्या दिवशी शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या नजरेखाली अकरा वर्षांचा सचिन बावरला आणि त्याला खेळता येईना. थोरल्या भावाने विनंती केली की सरांनी थोडे दूर जाऊन पाहावे. सर गेले, लांबून पाहिले आणि मग त्याला घेतले. पालकांनीही प्रशिक्षकाला तीच सवलत द्यावी. मुले किती वेळ रांगेत उभी असतात, सर्वांत कच्च्या मुलाशी प्रशिक्षक किती वेळा बोलतो, त्याला त्याचे नाव ठाऊक आहे का, दुखापत सांगणाऱ्या मुलाला बसवले जाते की हसले जाते, हे दोन तासांत सहज कळते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी कोणती व्यवस्था आहे, मुलीच्या गटासोबत एखादी महिला असते का, परगावच्या सामन्यांना मुलांच्या मुक्कामाची जबाबदारी कोणावर, हेही स्पष्टपणे विचारावे. या प्रश्नांनी ज्याला राग येईल, त्याच्याकडे मूल पाठवण्याची घाई करू नये. शेवटचा प्रश्न प्रशिक्षकाला विचारायचा आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे आलेल्या मुलांपैकी आज किती जण कोठे ना कोठे, कोणत्याही पातळीवर, अजून खेळत आहेत? भारताच्या किंवा मुंबईच्या संघातील नावे तो लगेच सांगेल. हा आकडा सांगायला त्याला वही उघडावी लागेल, आणि तशी वहीच नसेल, तर तेही कळेल.